सहा इंच ओला बर्फ

२००९च्या फेब्रुवारीत एका सकाळी गिरीश एडिनबराच्या ऑफिसात नुकताच येऊन बसला होता, तेवढ्यात साउथहॅम्प्टनहून सासऱ्यांचा फोन आला. शशिधर पस्तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेले. पत्नी गेल्यापासून एकटेच राहत.

"गिरीश, रात्रभर बर्फ पडलाय. गाडीच्या शेडवर सहा इंच तरी असेल, पत्रे वाकल्यासारखे दिसतायत. औषधं आणायला जायचंय. गाडी काढू ना?"

कुठल्या भागात बर्फाने किती नुकसान होतं, याचे अंदाज बांधणं हेच इन्शुरन्स कंपनीत गिरीशचं काम. सहा इंच ऐकून त्याला हसू आलं.

"बाबा, इकडे डोंगरात दोन-दोन फूट साठतो, शेडला काही होत नाही. काढा खुशाल."

"तू म्हणतोस म्हणजे झालं."

तासाभराने शेजारणीचा फोन आला. शेड कोसळली होती आणि शशिधर खाली सापडले होते.

गिरीश आणि त्याची बायको कस्तुरी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, तोवर सगळं संपलं होतं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर गिरीश मागच्या अंगणात गेला. मोडक्या पत्र्यांवरचा बर्फ त्याने फावड्याने उचलून पाहिला. मनगट वाकलं. डोंगरातला बर्फ कोरडा, पिठासारखा, वाऱ्याने उडून जाणारा. इथला शून्याच्या आसपास पडलेला, पाण्याने जड, पडेल तिथे चिकटून बसणारा. जाडी तेवढीच, वजन सहा-आठपट. हे त्याला आज कळलं नव्हतं. त्याच्याच रिपोर्टात ते लिहिलेलं होतं.

कस्तुरी दारात येऊन उभी राहिली. "बाबा त्या शेडखाली गेलेच कशाला रे?"

फोनचं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो गप्प राहू शकला असता.

"त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, काढा गाडी."

"बर्फ ओला आहे का, विचारलंस?"

"नाही."

"तुझं काम आहे ते, गिरीश." ती ओरडली नाही. आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

अंत्यविधी झाल्यावर घर आवरायला ती तिथेच थांबली. गिरीश एकटाच परतला. फोनवर बोलणं व्हायचं ते बँकेचं, कौन्सिलच्या पत्रांचं. मार्च संपला तरी तिने परतीची तारीख सांगितली नाही आणि ती विचारायचा त्याला धीर झाला नाही.