दहा वेळांचा नियम

मरोळच्या ज्या औषध कंपनीत मी ग्रंथपाल होतो, तिथे सलाइनची प्रत्येक बॅच आधी सशांना टोचली जाई. कानाच्या शिरेत सुई, मग तीन तास ताप मोजायचा. ताप चढला नाही तरच बाटल्या इस्पितळांत जात. ससे गुणाजी सांभाळायचा. देवगडकडचा, बंद पडलेल्या गिरणीतून आलेला माणूस. कामावर येताना आरे कॉलनीतून गवताची पेंढी आणायचा. सशाला मांडीवर घेऊन त्याचे डोळे तळहाताने झाकायचा. त्याच्या हातात ससा बिचकत नसे, म्हणून तापाचा आकडा खरा येई.

१९८४ साली कंपनीने या प्राण्यांसाठी समिती नेमली. तीत शास्त्रज्ञ नसलेला एक सभासद हवा होता. चाचणी विभागाच्या प्रमुख, डॉक्टर वसुधा करंदीकर, यांनी माझं नाव सुचवलं. मी कुणाला विरोध करणार नाही असं त्यांना वाटलं असावं, आणि ते खरंच होतं. तरी मी दोन महिने परदेशी नियमपुस्तकं वाचली आणि एक नियम मांडला: कुठल्याही सशाला दहापेक्षा जास्त वेळा टोचू नये. बैठकीत माझं काही मान्य होण्याची ती पहिलीच वेळ. घरी जाऊन नलिनीला, माझ्या बायकोला, मी ते दोनदा सांगितलं.

नियम लागू झाला त्याच आठवड्यात गुणाजी ग्रंथालयाच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. नऊ सशांच्या दहा वेळा भरल्या होत्या.

"मगे तेंका खंय धाडूचा, साहेब?"

मी म्हणालो, आहेत तिथेच राहू देत.

"पिंजरे म्हणजे काय तुमची पुस्तकांची कपाटां? नवे ससे शनवारी येतत."

दहानंतर काय, हे मी लिहिलंच नव्हतं. मला ते सुचलंच नाही, की पुस्तकातलं ते प्रकरण मी न वाचता ओलांडलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

मी डॉक्टरांकडे गेलो. एक-दोन ससे घरी नेऊ का, असं विचारलं. चाचणीतला प्राणी इमारतीबाहेर जात नाही, काम संपलं की त्याला मारावंच लागतं, त्या म्हणाल्या. नियमात बदल करायचा तर बैठक तीन महिन्यांनी. तोवर त्यांना कामात ठेवणं एवढाच मार्ग उरला होता. मी तेही कसंबसं पुटपुटलो. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे त्यांना अजून टोचा, असं म्हणताय? तुम्ही?" त्या चिडल्या नव्हत्या. "तसं लिहून द्या. मी आजच थांबवते."

मी कागद घेतला. तारीख घातली. 'पुन्हा टोचावे' हे शब्द माझ्या हातून उतरेनात. मला सशांची कीव येत होती की माझ्या नियमाची काळजी वाटत होती, याचा विचार करता करता शुक्रवार संपला.

प्राण्यांना मारताना समितीचा एक सभासद हजर हवा, हे कलमही माझंच होतं. शनिवारी सकाळी मी गेलो. गुणाजीने पहिला ससा माझ्या मांडीवर ठेवला, कारण सुई देण्याचं काम त्याचं होतं. मी त्याचे डोळे तळहाताने घट्ट झाकले.

"दाबू नका, साहेब. तेका कळता."

मी हात सैल केला. नऊही सशांचे डोळे मीच झाकले. ते उरकल्यावर गुणाजी पिंजरे धुवायला लागला. माझ्याकडे न बघता त्याने पाण्याची बादली पुढे सरकवायला सांगितली. ती मी सरकवली.