वहीत नसलेलं वाक्य

कोटाच्या दरवाज्यावर नाटकांच्या जाहिराती चिकटवल्या, की त्या शहरात उन्हाळा सुरू झाला असं समजायचं. ऊन त्याआधीच महिनाभर पडलेलं असायचं, पण त्याला विचारतो कोण! तीन नाटकं, सहा आठवडे, रोज संध्याकाळी साडेसहाला किल्ल्याच्या चौकात प्रयोग. शहर एवढंसं आणि इतिहास मात्र डोंगराएवढा, त्यामुळे नटांना मिरवायला किल्ला होता आणि उतरायला धड हॉटेल नव्हतं. कंपनी मग घराघरांतल्या वरच्या खोल्या घ्यायची. कोणाकडे राजा उतरायचा, कोणाकडे खलनायक. ज्यांच्याकडे खलनायक उतरायचा त्या बाई तो मुळात किती गरीब स्वभावाचा आहे हे सांगून सांगून गल्लीचे कान किटवायच्या.

काकूंकडे दहा वर्षं सेनापती उतरत. पहिल्या वर्षी त्यांनी सेनापतीचं काम केलं होतं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ते नावाडी झाले, न्यायाधीश झाले, एका वर्षी तर पहिल्याच अंकात मरणारे आजोबा झाले, तरी गल्लीला ते सेनापतीच. साठी उलटलेला, उंच, एकटा माणूस. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. काकूंचं तरी वेगळं काय होतं? यजमान जाऊन पंधरा वर्षं झाली होती. घरात बोलायला रेडिओ होता, तोही एकतर्फी.

सेनापतींना पाठांतराची भारी धास्ती. पहिल्याच वर्षी ते जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, जरा वही धरता का?" वही म्हणजे नाटकाची. त्यांनी आपली वाक्यं म्हणायची, काकूंनी समोर बसून बाकी सगळ्यांची वाचायची. तेव्हापासून ठरून गेलं. रोज दुपारी तीन ते पाच, स्वयंपाकघरातलं टेबल, मध्ये चहाचे दोन कप. दहा उन्हाळ्यांत काकू त्यांची राणी झाल्या, आई झाल्या, वैरी झाल्या, दोनदा मुलगी झाल्या आणि एकदा घोडेवाला. वाक्य चुकलं की काकू समासात पेन्सिलीनं बारीक खूण करायच्या आणि सेनापती म्हणायचे, "चुकलं. मागून घेऊ." मग मागून घ्यायचे. काकूंची शिस्त कडक होती, एकही चूक खुणेवाचून सुटायची नाही. मोसम संपला की सेनापती बॅग उचलून जायचे आणि वही टेबलावर ठेवून जायचे. काकूंच्या कपाटात अशा दहा वह्या जमल्या होत्या. वर्षातले उरलेले साडेदहा महिने मात्र काकू कोणाच्या कोणीच नसत.

मागच्या उन्हाळ्यात सेनापती न्यायाधीश होते, राणीनं हद्दपार केलेला न्यायाधीश. मोसमाचा शेवटचा दिवस होता. सहा आठवडे तोच भाग म्हटल्यावर खरं तर वही धरायची गरजच उरलेली नव्हती, तरी तीनच्या ठोक्याला ते खाली आले. तिसरा अंक चालू होता. राणीचं वाक्य वाचून काकू थांबल्या. सेनापतींनी कप बाजूला सरकवला आणि म्हणाले, "उन्हाळा संपल्यावरही मी इथंच राहिलो, तर चालेल तुम्हाला?"

काकूंनी ओळीवरून बोट फिरवलं. पान उलटलं, पुन्हा मागे आल्या.

"थांबा, थांबा. हे कुठल्या पानावर? तुम्ही मधली पानं गाळलीत."

सेनापतींनी बाजूला सरकवलेला कप पुन्हा पुढे ओढला.

"हो," ते म्हणाले. "चुकलं. मागून घेऊ."

आणि मग त्यांनी अख्खा अंक एकाही चुकीशिवाय म्हणून दाखवला. काकूंनी वर शाबासकीसुद्धा दिली!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. वही नेहमीसारखी टेबलावर होती.

थंडीच्या दिवसांत काकूंनी कपाट आवरायला काढलं, तेव्हा त्यांना आठवलं की शेवटच्या दिवशीच्या चुकीची खूण करायची राहून गेली. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, मरू दे. पण काकूंना ते जमणारं नव्हतं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि वाक्य शोधायला बसल्या. तिसऱ्या अंकात ते नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं, पहिल्यातही नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, बोट ठेवून तिसऱ्यांदा पाहिलं. मग बाकीच्या नऊ वह्या खाली काढल्या. गॅसवर दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास सुटला, तरी काकू कपाटापुढे फरशीवर बसून पानं उलटत होत्या. शेवटची वही मिटली आणि त्या रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, ते मला विचारत होते."

लाज वाटली, हसू आलं, आणि मग त्यांना फरशीवरून उठवेना. माणसानं दहा वर्षं धीर गोळा करून एक वाक्य बोलावं आणि आपण त्याला पान नंबर विचारावा!

सेनापतींचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर होता. काकूंनी तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा पहिल्या घंटेलाच ठेवून दिला. पत्र लिहिलं, फाडलं. एरवी गल्लीत कोणाला दोन शब्द सुनवायचे असले तर काकूंची जीभ अडखळत नसे, पण इथं वाचाच बसली. शेवटी त्यांनी ठरवलं, प्रश्न ज्या टेबलावर आला त्याच टेबलावर उत्तर द्यायचं. उत्तर तयार होतं. "चालेल." एवढंच. या एका शब्दाच्या पाठांतराला त्यांना पाच महिने मिळाले आणि ते त्यांनी वाया घालवले नाहीत. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, आरशासमोर, सगळीकडे म्हणून पाहिला. मागच्या वर्षी सेनापती जिना उतरताना भिंत धरत होते, म्हणून सुताराला बोलावून जिन्याला लाकडी कठडा बसवून घेतला. वरच्या खोलीला नवे पडदे शिवले. दुसरी उशी आणली.

जाहिराती लागल्या आणि चौथ्या दिवशी कंपनीचा व्यवस्थापक यादी घेऊन दारात आला. घाम पुसत म्हणाला, "काकू, या वर्षी तुमच्याकडे लाइटवाले."

"कोण लाइटवाले? सेनापती येत नाहीत का?"

"येताहेत ना. पण त्यांना खालची खोली हवीय. गुडघे धरलेत म्हणे, जिना चढवत नाही. कोटाच्या दरवाज्याजवळ शिंप्याकडे दिलीय त्यांना."

"मी कठडा बसवून घेतलाय," काकू म्हणाल्या.

"छान झालं," व्यवस्थापक म्हणाला आणि कठड्याकडे न बघताच यादीवर टिंब देऊन पुढच्या घरी गेला.

मागच्या गल्लीत राहणाऱ्या नणंदबाईंना हे कळायला अर्धा तास पुरला. त्या येऊन पंख्याखाली बसल्या. "बरं झालं बाई, वहिनी. रोज दोन तास बडबड करून घसा बसायचा तुझा. आणि लोक काही कमी बोलायचे का? मी होते म्हणून ऐकून घेतलं."

"काय बोलायचे, वन्सं?"

"जाऊ दे. आता संपलं ना."

काकूंनी त्यांना चहा दिला. संपलं हा शब्द त्यांना नणंदेच्या तोंडून ऐकायचा नव्हता. इतकं मनात असताना कोणाजवळ बोलावं, तर समोर ही वन्संच, याचंच त्यांना रडू येत होतं. पण डोळ्यांतून पाणी काढलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याचीही बातमी झाली असती.

लाइटवाले आले. बिचारे सज्जन गृहस्थ. खोलीत प्लग किती आहेत तेवढं विचारून वर गेले. दुपारी तीन वाजता काकू टेबलाशी बसल्या. पाच वाजता उठल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सवयीनं दोन कप चहा झाला, ते दोन्ही त्यांनीच प्यायले आणि ठरवलं की जायचं.

पहिला प्रयोग शुक्रवारी होता. मंगळवारी अडीच वाजता काकू छत्री घेऊन किल्ल्यावर गेल्या. चौकात खुर्च्या मांडत होते, कोणी दोरखंड ओढत होतं. त्या कमानीच्या सावलीत उभ्या राहिल्या. सेनापती या वर्षी द्वारपाल होते. काम लहान, पण दर वेळी दगडी पायऱ्या चढून बुरुजावर जायचं आणि ओरडून खाली यायचं. काकूंनी पायऱ्या मोजल्या. बावीस. सेनापती दोनदा चढले, दोनदा उतरले, भिंतीला बोटसुद्धा न लावता.

थोड्या वेळानं ते एका कडेला दगडी बाकावर जाऊन बसले. मांडीवर वही होती. एक पुठ्ठ्याचा तुकडा ओळीवर ठेवायचे, ओठ हलवायचे, मग पुठ्ठा खाली सरकवून आपलं बरोबर आलं का ते बघायचे. काकूंना ते पाहवेना. त्या सरळ जवळ गेल्या.

सेनापती दचकून उभे राहिले. "बाई! तुम्ही? बसा, बसा."

काकू बसल्या. मध्ये वही होती.

"खोली बरी मिळाली का?"

"खालची आहे. गुडघ्यांचं जरा..."

"हो, आत्ताच पाहिले गुडघे. दोनदा."

सेनापतींनी पुठ्ठ्याची घडी घातली, उलगडली. त्यांचे कान लाल झाले होते. या वयातही माणसाचे कान लाल होतात याची काकूंना मोठी गंमत वाटली असती, एरवी.

"मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी तुम्ही एक वाक्य म्हणाला होतात," काकू म्हणाल्या. "मी पान शोधत बसले."

"आठवत नाही बुवा."

"उन्हाळा संपल्यावरही मी इथंच राहिलो, तर चालेल तुम्हाला?" काकूंनी एका दमात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता म्हणून दाखवलं. "ते वहीत नाहीये. तीनदा पाहिलं मी."

पलीकडे कोणीतरी खुर्ची आपटली. काकूंचा शब्द अगदी ओठांवर आला होता. त्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात सेनापती घाईघाईनं बोलू लागले.

"ते होय! ते दुसऱ्या नाटकातलं हो. घोटाळा झाला माझा. वय झालं, एकातलं दुसऱ्यात जातं. म्हणून तर हा शेवटचा मोसम म्हटलं. मग पुतण्याकडे जातोय राहायला, कायमचा. त्याला शब्द देऊन टाकलाय. खोली रंगवून ठेवलीय त्यानं. मुलांनी दारावर माझं चित्रसुद्धा काढलंय."

काकूंनी घेतलेला श्वास तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या नाटकातलं?"

"नावाड्याच्या."

नावाड्याचं नाटक काकूंना पहिल्या ओळीपासून पडदा पडेपर्यंत पाठ होतं. त्यात सगळा पूर होता. उन्हाळ्याचं नावसुद्धा नव्हतं. आणि सेनापतींना ते माहीत होतं, आणि काकूंना ते माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. चुकलं, मागून घ्या, असं म्हणायची ही जागा होती. दहा वर्षं काकूंनी दुसरं केलं काय होतं? पण मागून घ्यायचं तर मागचा उन्हाळा, थंडी, पुतण्याला दिलेला शब्द, दारावरचं चित्र, सगळंच मागून घ्यावं लागलं असतं. सेनापती पुठ्ठ्याकडे बघत त्याची पुन्हा पुन्हा घडी घालत होते. एवढ्या वर्षांच्या नटाला एक खोटं नीट वठवता येत नव्हतं.

"असेल," काकू म्हणाल्या.

"द्वारपाल!" चौकातून हाक आली.

सेनापती उठले. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही, आणि या वेळी काकूंच्या हातात वही नव्हती. ते पायऱ्या चढून बुरुजाकडे गेले. या खेपेला मात्र भिंत धरून.

काकू घरी आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. वर लाइटवाले कसली तरी खुडबुड करत होते. काकूंनी कपाटातून न्यायाधीशाची वही काढली, टेबलावर ठेवली आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. तिसरा अंक. राणीचं ते वाक्य, जिथं त्या थांबल्या होत्या. खाली बोटभर जागा कोरी होती. तिथं त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात सेनापतींचं वाक्य लिहिलं. समासात खूण करायला पेन्सिल नेली, मग उचलली. चूक त्यांची नव्हतीच. त्याखालच्या ओळीत राणीसाठी लिहिलं, चालेल. आणि खूण केली ती तिथं.

मग त्यांनी पाठ ताठ केली. समोरच्या खुर्चीकडे बघत आधी त्यांचं वाक्य वाचलं, थोडं थांबल्या, आणि आपलं म्हटलं. आवाज फार बारीक आला. मागून घेतलं. या वेळी चांगलं मोठ्यानं म्हटलं, "चालेल."

वरची खुडबुड थांबली. जिन्यावर पावलं वाजली आणि नव्या कठड्यावरून लाइटवाले खाली डोकावले. "काकू, मला काही म्हणालात का?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "पाठांतर चाललंय."