दुसऱ्या नमुन्याआधी

गल्लीत तिला सगळे बाटलीबाई म्हणत. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती, पण ते पद कुणाच्या जिभेवर कधी बसलंच नाही. लोकांना दिसायचं ते एवढंच, की ही बाई नळापाशी येते, स्पिरिटच्या दिव्याने नळाच्या तोंडाला चटका देते, बाटली भरते आणि निघून जाते. कशासाठी, हे ऑफिसने इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तिनेही नाही. कुणी विचारलंच तर "रूटीन आहे" म्हणून मोकळी व्हायची.

त्या दिवशी सकाळी तिने प्रयोगशाळेतलं, नमुन्यातले जंतू वाढवायचं उबदार कपाट उघडलं, तर गल्लीच्या पाण्याच्या सगळ्या नळ्या पिवळ्या पडलेल्या. आदल्या दिवशी पाणी घातलं तेव्हा त्यातलं द्रावण जांभळं होतं. गटाराचं पाणी मिसळलं की ते असं पिवळं पडतं, बुडबुडे धरतं. ती स्वतः त्याच गल्लीत राहत होती. घराच्या वरच्या मजल्यावर थोरल्या जावेची लेक बाळंतपणासाठी आईकडे आलेली होती, दिवस भरत आले होते.

"दुसरा नमुना घ्या," साहेब म्हणाले. "तोही वाईट आला तर बघू. तोवर बाहेर ब्र काढायचा नाही. लोक उगाच घाबरतात."

साहेबांना लोकांच्या घाबरण्याची भारी काळजी. गेल्या वर्षीही होती. तेव्हाही पहिला नमुना असाच आला होता आणि दुसऱ्याचा निकाल लागेपर्यंत बाटलीबाई तोंडाला कुलूप लावून बसली होती. घरात मात्र ती गुपचूप पाणी उकळत होती. जावेने विचारलं तर नवऱ्याचं पोट बरं नाही म्हणाली. मग ऑफिसने स्वतःच्याच दारावर एक सूचना चिकटवली, तीही अशा भाषेत की लिहिणाऱ्याला तरी कळली असेल का, देव जाणे. पुढच्या महिन्यात घरोघर कावीळ आली. थोरले दीर अंथरुणाला खिळले. शेजारच्या शिंप्याची सून, पोटुशी पोर, त्यात गेली. त्यावर ऑफिसचं म्हणणं काय, तर सर्व काही नियमानुसार झालं. झालं होतंच की! गल्लीने तेव्हापासून ऑफिसच्या नावाने कानाला खडा लावला, आणि बाटलीबाईच्याही.

या खेपेला तिने नियम धाब्यावर बसवला. दुसरा नमुना कपाटात ठेवला आणि भरदुपारी तडक घरी येऊन जिना चढली. जाऊ कपड्यांच्या घड्या घालत होती. पुतणी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"वहिनी, आजपासून पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. हिला तर मुळीच देऊ नका."

जावेने मान वर केली नाही. "का? या वेळी कुणाचं पोट बिघडलंय?"

बाटलीबाईने घडी घालायला एक चादर उचलली, ती जावेने तिच्या हातून काढून घेतली.

"तुझ्या गॅसवर पातेलं उकळत होतं, आणि वर आम्ही नळाचं पीत होतो," जाऊ म्हणाली. "एका घरात राहतो गं आपण. तो चुंबकवाला परका माणूस, पण दर आठवड्याला येतो, बसतो, यांना काय होतंय ते ऐकून घेतो. त्याने नळाला चुंबक लावून दिलाय. पाणी शुद्ध होतं म्हणतो."

"चुंबकाने जंतू मरत नाहीत, वहिनी. तो थापा मारतो."

"मारू दे. तोंड उघडून काहीतरी सांगतो तरी."

पुतणीच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तिने तो तसाच धरून ठेवला. लहानपणी सुटीत ही पोर काकूचा हात धरून प्रयोगशाळेत यायची, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास बसायची. काकूच्या शब्दाला किंमत देणारं घरात ते एकच माणूस उरलं होतं.

"काकू, तू सांग. पाणी नक्की खराब आहे?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. तिला स्वतःला तिळमात्र शंका नव्हती. पण एका नमुन्यावर निष्कर्ष काढायचा नाही, हे तिच्या हाडीमांसी मुरलेलं.

"पहिल्या नमुन्यावरून तसं दिसतंय," ती म्हणाली. "दुसरा आल्याशिवाय नक्की असं सांगता येत नाही."

खरं तेच बोलली. आग लागो त्या खरेपणाला.

"ऐकलंस?" जाऊ हसली. "हिचं हिलाच माहीत नाही."

"तसं नाही. कधी बाटलीच नीट धुतलेली नसते, कधी भरताना हात लागतो, म्हणून परत तपासायचं असतं..." ती समजावत राहिली, अगदी वर्गात शिकवल्यासारखं, मुद्देसूद. चूक होण्याच्या जितक्या शक्यता होत्या तितक्या सांगितल्या. पुतणीचा चेहरा उतरत गेला, आणि ते दिसूनही तिला थांबता येईना.

"बरं काकू," पुतणी शेवटी म्हणाली, "नक्की कळलं की सांग."

बाटलीबाईने हात पुढे करेपर्यंत पुतणीने ग्लास तोंडाला लावला होता. एका दमात रिकामा केला आणि आईपुढे धरला.

"अजून दे गं."