खंडूचं उद्यापन

चातुर्मासात मी मौनानं जेवते, हे आमच्या वसाहतीत घरोघरी ठाऊक होतं. पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दाराशी तारवाला आला तरी नाही.

नीलांबरीनं नेमकी तीच वेळ निवडली.

एकाहत्तर सालची गोष्ट. श्रीरामपूरच्या अलीकडे साखर कारखान्याची वसाहत होती, तिथे आम्ही राहत होतो. माझे यजमान वसाहतीच्या शाळेत शिक्षक. शेजारच्या क्वार्टरमध्ये शामकांतराव, कारखान्यातले केमिस्ट, आणि त्यांची बायको नीलांबरी. मधे कंबरेएवढी भिंत. भिंतीवरून विरजण जायचं, कढीपत्ता यायचा. आणि माझा खंडू जायचा-यायचा.

खंडू म्हणजे माझा बोका. भंडाऱ्यात लोळून आल्यासारखा पिवळाधमक, म्हणून खंडू. मूलबाळ नसलेल्या घरात एक ताट जास्तीचं लागायचं ते त्याचं. नैवेद्य दाखवला की त्यातला दूधभात मागच्या पायरीवर त्याच्यासाठी काढायचा आणि मगच आपण बसायचं, हाही माझा नेमच होता. तो पायरीवर जेवायचा, मी आत पाटावर. दोघंही न बोलता.

त्याला पिसवा व्हायच्या. मी कडुनिंबाचा पाला उकळून, पाणी अगदी गार झालं की फडक्यानं त्याचं अंग पुसायची. मग उन्हात बसवून लिखांच्या फणीनं विंचरायची. त्याच्या गोणपाटाखाली पाला पसरायची, वाळला की बदलायची. एवढंच.

नीलांबरीचं सगळं शास्त्रशुद्ध. इंग्रजी मासिकं वाचून तिनं एक तेल बनवलं होतं. करंजाच्या तेलात निलगिरी, गवती चहाचा अर्क आणि भरपूर कापूर. शामकांतरावांच्या प्रयोगशाळेतल्या तपकिरी बाटल्यांत ते भरायचं आणि वसाहतभर वाटायचं. "डीडीटी कसली मारताय मुक्या प्राण्यांवर? निसर्गात सगळं आहे," असं ती म्हणायची. ते खोटं नव्हतं. बादलीभर पाण्यात थोडे थेंब टाकून पुसलं की कुत्र्यांच्या गोचिड्या पटापट गळायच्या. चेअरमन आबासाहेबांच्या वाड्यावरही तिची बाटली जायची, त्यांच्या दोन शिकारी कुत्र्यांसाठी.

तिची स्वतःची मांजर पांढरीशुभ्र, लांब केसांची. पुण्याहून पेटीत घालून आणलेली. नाव स्नोई. चेअरमनांच्या पत्नी झुंबरबाईंना तिनं स्नोईचं पांढरं पिल्लू कबूल केलं होतं. पुण्याहून तसलाच बोका मागवायचं चाललं होतं.

श्रावणात स्नोई व्यायली. तीन पिल्लं. तिघांच्याही पाठीवर हळदीचे ठिपके.

वसाहतीत हसू आवरेना. नळावर बायका म्हणायच्या, "नीलाताई, पिल्लांची जेजुरीच झाली की हो!" मीही हसले असेन. नीलांबरी हसली नाही. पिल्लं दुसऱ्याच आठवड्यात गवळ्याबरोबर कुठेतरी गेली. मला ती भिंतीवरून एवढंच म्हणाली, "शोभावहिनी, तुमच्या खंडूला आवरा."

"बोका आहे हो, नीलाताई. त्याला कसं आवरू?"

"बघू," ती म्हणाली.

भाद्रपदात, गौरी जाऊन दोन-चार दिवस झाले होते. मी पानावर बसले होते. मागचं दार उघडं, पायरीवर खंडू दूधभात चाटत होता. फाटकाची कडी वाजली आणि नीलांबरी आली, हातात बाटली घेऊन.

"जेवताय वाटतं? जेवा, जेवा. मी आपली खंडूला तेल लावायला आले. किती पिसवा झाल्यात मेल्याला! आमच्या स्नोईला त्यानंच दिल्या."

मी मान हलवली. डाव्या हातानं नको नको केलं. पाटावर थाप मारली.

"अय्या, नको म्हणताय की काय?" ती हसली. "मग बोला की!"

पाणी नाही, बादली नाही. बाटली तशीच उपडी केली त्याच्या पाठीवर. एका हातानं मानगूट धरलं आणि दुसऱ्यानं चोळत राहिली, पोटाखाली, शेपटीपर्यंत. कापराचा भपकारा स्वयंपाकघरात माझ्या पानापर्यंत आला. मी अर्ध्या पानावरून उठले आणि तिचा हात धरला. तोवर खंडू सुटून भिंतीवरून उसात पळाला होता.

"धुवायचं नाही हं," जाता जाता ती म्हणाली. "तीन दिवस मुरू द्यायचं." अर्धीमुर्धी उरलेली बाटली पायरीवरच राहिली.

मी उसाच्या कडेनं हाका मारत फिरले. तो दिवस कलताना आपणहून आला. अंग कसं लखलखीत! सगळं तेल त्यानं जिभेनं साफ केलं होतं. मांजराची जात, अंगावर काही लागलं की चाटणार. तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय थरथरत होते. कोमट पाणी आणि बेसन लावून मी त्याला धुतलं. अंगावर धुण्यासारखं राहिलंच नव्हतं. दिवे लागायच्या वेळी माझ्या मांडीवर त्यानं मान टाकली. ह्यांनी अंगणातल्या कडुनिंबाखाली खड्डा केला. आमच्याकडे मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं मानतात. माझी सासू तर चुकून शेपटीवर पाय पडला तरी कानाला हात लावायची.

दुसऱ्या दिवशी नीलांबरी भिंतीशी आली. "म्हातारा झाला होता हो तो. आणि उसावर काय काय औषधं फवारतात, तेच चाटलं असणार."

मी काही बोलले नाही. तेव्हा मौन नव्हतं, तरी बोलले नाही. बाटली उचलून देवघरात नेली. देव्हाऱ्यात नाही, देव्हाऱ्याच्या मागे ठेवली.

खरं सांगायचं तर, तोवर माझ्या मनात एक शंकेची जागा होती. चुकली असेल, म्हटलं. शिकलेली माणसंही चुकतात. देवापुढे बसले की मी तिला माफ करायचा प्रयत्न करायची. ती जागा छबूबाईनं बुजवली.

छबूबाई आमच्या दोन्ही घरची भांडी घासायची. पितृपंधरवड्यात एकदा राखेचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत बसली.

"शोभाबाई, एक सांगू का? पर माजं नाव घ्यायाचं न्हाई."

"सांग."

"राखी पुनवेला म्या त्यास्नी म्हनलं, बाई, तुमच्या मांजरीला बी लावा की वाईच त्याल, लई खाजवतीया. तर म्हनल्या, न्हाई गं छबू, मांजर आंग चाटतं. प्वाटात गेलं तर मरंल." ती तवा घासू लागली. "त्यांची मांजर तर त्या पाल्याच्या पान्यानंच पुसत्यात. तुमच्यावानी."

मी आत गेले. देवापुढे बसले. त्या दिवसापासून माफीचं मागणं बंद केलं आणि दुसरं मागू लागले: खरं निघू दे, तिच्या तोंडून, चारचौघींत.

कारण छबूबाईच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? उलट तिची घरं गेली असती. आणि मी भांडले असते तर लोक म्हणाले असते, एका बोक्यासाठी काय हा आकांत, बाईला मूल नाही ना, म्हणून. हे मला ऐकायचं नव्हतं.

मी गोड राहिले. भिंतीवरून विरजण देत राहिले. कोजागरीला तिच्याकडे दूध प्यायले.

कार्तिकी द्वादशीला मी चातुर्मासाचं उद्यापन करते. सवाष्ण जेवू घालायची. पूर्वी सवाष्णीला न्हाऊ घालत, आता हातापायांना तेल-उटणं लावून भागवतात. मी नीलांबरीला कुंकू लावून बोलावलं. "नीलाताई, यंदा सवाष्ण तुम्हीच. झुंबरबाईही यायच्यात बरं का, आणि ओळीतल्या सगळ्याजणी."

ती फुलली. "अय्या, मला मान! येईन की."

"एकच आहे. मौनभोजनाचं उद्यापन, म्हणून सवाष्णीनंही मौन पाळायचं. पाटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत. मधे बोललात तर माझे चार महिने वाया गेले म्हणून समजा."

ह्यांनी ऐकलं होतं. रात्री विचारलं, "सवाष्णीचं मौन कुठल्या पोथीत आहे गं?"

पोथीत नव्हतं. पोथी लिहिणाऱ्याचं मांजर कुणी मारलं नसेल.

गाळप सुरू झालं होतं. धुराड्याची काजळी वाळवणावर पडत होती आणि मळीचा वास गल्लीत भरला होता. माझ्या माजघरात मात्र पुरणाचा वास. पाट मांडला, रांगोळी काढली. भिंतीशी बायका बसल्या, मधोमध झुंबरबाई, नऊवारीचा पदर खोचून. नीलांबरी मोतिया रंगाची साडी नेसून आली. पाटावर बसली आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे बघून हसली.

"आगं बया," झुंबरबाई म्हणाल्या, "आज ही गप बसनार! नवरा बी बलवायचा हुता की बगायला."

हसणं ओसरलं तशी मी देव्हाऱ्यामागून बाटली आणली.

बूच काढलं तेव्हाच तिला वास आला. तिचं हसू गेलं. मी तिचा उजवा हात हातात घेतला. माझं मौन पानावर बसल्यापासून, तोवर मला बोलता येत होतं.

"तेल तुमचंच आहे, नीलाताई. खंडूला लावून उरलेलं." मी तळहातावर धार धरली, बोटांच्या पेरांत, नखांत चोळलं. "निसर्गातलं, अगदी शुद्ध. पाण्यात नाही कालवलं, तुम्हीही नव्हतं कालवलं." मग डावा हात, मग पाय. कापरानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हात सोडवून घेऊ पाहिला. मी धरून ठेवला. तिनं मान हलवली, नको नको.

"नको म्हणताय की काय?" मी म्हटलं. "आणि धुवायचं नाही हं. तीन दिवस मुरू द्यायचं."

झुंबरबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

मी दोन पानं वाढली, तिचं आणि माझं. वरणभात, तूप, पुरणपोळी, कटाची आमटी. सगळं हातानं कालवायचं, हातानं खायचं. समोर बसले, देवाला हात जोडले, पहिला घास घेतला. आता मीही बोलणार नव्हते.

नीलांबरी पानाकडे बघत राहिली. चमच्याची खूण केली. मी मान हलवली. ती हात धुण्याची खूण करू लागली. मी जेवत राहिले. तिनं पदराला बोटं पुसली, नाकाशी नेली, पुन्हा पुसली. वास जाईना.

"जेव की गं," झुंबरबाई म्हणाल्या. "सवाष्णीनं ताट टाकू ने. बिचारीनं चार म्हैनं नेम धरलाय."

बाकीच्याही म्हणू लागल्या. "घ्या हो नीलाताई, एक घास तरी." कुणीतरी तिचं मनगट धरून बोटं भातात टेकवली. वाईट बुद्धीनं नव्हे, आपण नवरीला घास घ्यायला लावतो तसं. मी पोळीचा तुकडा तुपात बुडवत होते.

"नाही खायचं मला!" ती ओरडलीच. ताट सरकवलं. "जीव घ्यायचाय का माझा? विष आहे ते! पोटात गेलं तर... चाटून मांजर मरतं त्यानं!"

मनगट धरणारीनं हात मागे घेतला. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला.

"म्हंजी तुला ठावं हुतं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"मी... नंतर वाचलं. मासिकात."

"नंतर कवा? आगं, कुत्र्यांची बाटली देताना तूच मला बजावलं हुतंस. मांजराला लावू नगा, चाटत्यात. मागल्या सालच्या दिवाळीला." त्या उठून उभ्या राहिल्या. "पांढऱ्या पिल्लापायी मारलंस व्हय त्या मुक्या जीवाला? आन मला इचारायचं तरी! हळदीच्या ठिपक्याचं पिल्लू घरात आलं असतं तर म्या देवासारखं ठिवलं असतं."

नीलांबरी माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी म्हणावं, असं तिला वाटत होतं. पण माझं पान संपायचं होतं. मी शेवटची शितं बोटानं निपटली, ताक प्यायले, मोरीवर जाऊन हात धुतले, चूळ भरली. मग तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, वाटीत बेसन ठेवलं.

"बेसन लावून धुवा. नुसत्या पाण्यानं जात नाही," मी म्हटलं.

ती धूत बसली. बायका एकेक करून तिला वळसा घालून निघाल्या. सवाष्णीला रिकामी कशी पाठवायची? मी तिची ओटी भरली. खण, नारळ, मूठभर तांदूळ. आणि वर बूच घट्ट लावून ती बाटली.

"शोभावहिनी," ती अगदी हळू म्हणाली, "झालं ना आता समाधान?"

"काशीला कधी निघताय?" मी विचारलं.

ती भिंतीच्या पलीकडे गेली. झुंबरबाईंच्या वाड्यावर त्यानंतर तिची बाटली गेली नाही, आणि सुट्टीत कुठे जाणार असं कुणी सहज विचारलं तरी ती तोंड फिरवायची. ते पुढचं.

त्या दुपारी हे शाळेतून आले, टाकलेलं ताट पाहिलं. "सवाष्ण उपाशी गेली. उद्यापन झालं का मग?"

मी तिचं ताट उचललं. तिचा हात टेकला होता तेवढा भात काढून मातीत पुरला. उरलेल्या भातात दूध घातलं, कालवलं, आणि केळीच्या पानावर कडुनिंबाखाली नेऊन ठेवलं. खंडूच्या जागेवर. दहाव्याला पिंड ठेवून लोक ताटकळतात, हात जोडतात, इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही म्हणतात.

मी पान ठेवून हात मागे घेतला नव्हता, तोच फांदीवरून कावळा उतरला आणि शिवला.