मातीला दिलेली गाठ

जयवंता आली होती, तिचा नवरा चंद्रभान आला होता, सासू आली होती, वाटेत खायला बांधून घेतलेल्या भाकरी आल्या होत्या. फक्त जिच्यासाठी प्रेमिला इतके दिवस फोन लावत बसली होती, ती गाठ आली नव्हती.

प्रेमिलाचं काम म्हणजे डोक्याला ताप. नागपूरच्या एका कॅन्सर दवाखान्यात ती दूरच्या पेशंटांची जुळवाजुळव करायची. सक्करदऱ्याहून सकाळी स्कूटी काढली की घरी परतेपर्यंत फोन कानालाच. गडचिरोलीच्या पार टोकाकडे कोसाकोसावर एक गाव, आणि त्या गावात नेटवर्क नाही. तिथला डॉक्टर मांसात खोल धरणाऱ्या गाठीचा दुर्मिळ कॅन्सर जन्मात एखादा पाहणार, आणि पाहिला तरी ओळखणार नाही. त्यात त्याचा तरी काय दोष? म्हणून प्रेमिलानं तालुक्यातालुक्याच्या डॉक्टरांना बजावून ठेवलं होतं. मांडीत, दंडात खोल गाठ लागली तर कापू नका, आधी इकडे पाठवा. कापलीच तर फेकू नका. औषधाच्या पाण्यात, बरणीत घालून नातेवाइकांच्या हाती द्या. कुरिअर तिकडे जात नाही, पण एसटी जाते ना! माणसं बरणी मांडीवर घेऊन यायची, आणि गुरुवारी सगळे मोठे डॉक्टर एका टेबलाशी बसून पुढचं ठरवायचे. ही व्यवस्था आपण बसवली, याचा प्रेमिलाला भारी अभिमान होता.

जयवंताच्या मांडीतली गाठ तालुक्याच्या डॉक्टरनं चरबीची समजून कापली, आणि कापल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं प्रेमिलाला फोन केला. प्रेमिलानं कपाळाला हात लावला, पण ओरडून फायदा काय? "नातेवाइकांजवळ द्या, नीट सांभाळून न्या म्हणावं," ती म्हणाली. त्यानं तसंच केलं. मग दिवसांमागून दिवस गेले, बरणीचा पत्ता नाही. चंद्रभानचा फोन लागेना. शेवटी गावच्या आशाताईमार्फत निरोप धाडला, ताबडतोब नागपूरला या.

आणि आता ते आले होते, रिकाम्या हातानं.

"बरणी कुठं आहे, भाऊ?"

चंद्रभाननं आईकडे पाहिलं. भागीरथा गावची सुईण होती, अंगानं काटकुळी, पण आवाज ठणठणीत.

"पुरली," ती म्हणाली.

"काय पुरली?"

"गाठ. डागदरनं सांगतलं, नीट सांभाळून न्या. मंग नेली घरी. मानसाच्या अंगातून निंगालेलं असंच ठेवत असते का वं बाई? गावातल्या बाळंतीन बायाइची वार म्याच पुरली आजवर. तशीच हे बी पुरली. बांधावर खोल खड्डा केला, हळदकुंकू वाह्यलं, वरतून बोरीच्या काट्या लावल्या, कुत्रं उकरन म्हणून. त्या बरणीतलं पानी डोयाले लय झोंबे, ते फेकून देल्लं."

"अवं आजी, काहून केलं असं?" प्रेमिलाचा आवाज चढलाच. "ती तपासायची होती आम्हाले!"

"मंग हे कोनं सांगतलं आमाले?"

प्रेमिला आठवू लागली. कोणी सांगितलं होतं? 'नीट सांभाळून न्या' हे शब्द तिचेच होते. कुठे न्या, कशाला न्या, हे डॉक्टरनं सांगितलं असेल असं तिनं धरून चाललं होतं, आणि तिनं सांगितलं असेल असं डॉक्टरनं. तिला स्वतःचाच राग आला.

"खोदून आनू का, मॅडम?" चंद्रभान उठलाच. "आताची बस भेटते मले."

"नको, भाऊ. आता मातीच झाली असेल तिची."

पाय वाचवायचा तर गाठ कुठल्या जातीची हे आधी कळायला हवं होतं. ते कळलं असतं की औषध ठरलं असतं, आणि औषध वेळेत लागू पडलं असतं तर पाय राहिला असता. धंतोलीतल्या स्कॅन सेंटरवर जाऊन मांडीचा फोटो काढून आणला, तर जखमेच्या खाली नवी गाठ धरलेली. सुईनं तुकडा काढला, तो तपासायला गेला. असला आजार इथल्या तपासणाऱ्यांनाही रोज दिसत नाही, म्हणून मुंबईच्या तज्ज्ञांनाही दाखवला. तोवर ती माणसं नागपुरातच, हुडकेश्वरला एका नातलगाच्या खोलीत पडून. जयवंता दर फेरीला एकच विचारायची, "ताई, रोवणीले उभी राहीन ना मी?" तिच्याएवढी धानाची रोवणी गावात कुणाची उरकत नाही, असं चंद्रभान कौतुकानं सांगायचा. प्रेमिला म्हणायची, "बघू." दुसरं काय म्हणणार?

गुरुवारच्या बैठकीत सर्जन गुंजन मॅडमनी फोटो दोनदा पाहिला. नाव कळलं होतं, औषधही होतं, पण गाठीनं मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घातला होता.

"जीव वाचवायचा तर पाय काढावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "महिनाभर आधी कळलं असतं तर..."

जयवंताला मॅडमनीच सांगितलं. चंद्रभान भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भागीरथा प्रेमिलाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"एक विचारतो, खरं सांग. गाठ आनली असती तर पाय वाचला असता का?"

प्रेमिलानं हातातली फाईल बंद केली. या म्हातारीला खरं सांगून मिळणार काय?

"नाही, आजी. तुमच्या हातात काहीच नव्हतं. आणली असती तरी असंच झालं असतं."

भागीरथा टेबलावर दोन्ही हात टेकून वाकली.

"बाई," ती म्हणाली, "मेलेलं लेकरू हाती आलं का मी बी त्याच्या मायले असंच सांगत आली. तुह्या हातात काही नोतं म्हनून. चाळीस गावं फिरली असन, सगळीकडं हेच सांगतलं."

"आजी..."

"सुनेले नाही सांगत मी तसं. पाय तिचा चालला. तिले खरं समजाले पायजे."

"आज नको! उद्या ऑपरेशन आहे तिचं!" प्रेमिला मागे धावली. पण म्हातारी वॉर्डात पोचलीसुद्धा. जयवंताच्या खाटेवर बसून, सुनेचा हात हातात घेऊन ती हळू आवाजात बोलू लागली. दारातून प्रेमिलाला शब्द ऐकू आले नाहीत, पण जयवंताचा चेहरा दिसत होता, आणि तो पाहवत नव्हता.

बोलणं संपलं. जयवंतानं आपला हात सोडवून घेतला आणि सासूला जोरात ढकललं. म्हातारी खाटेवरून घसरली, सावरली, पण गेली नाही. उद्या जाणाऱ्या त्या पायाशी खाली फरशीवर बसून राहिली. त्या वॉर्डात पाऊल टाकायची प्रेमिलाची काही हिंमत झाली नाही.