रखमाचं खळं

दोन हजार पाच सालच्या पुरात आमची चाळ कोसळली. महाडात बाजारामागच्या गल्लीत चार खोल्यांची चाळ. बाकीची तीन बिऱ्हाडं मुंबई-पनवेलला निघून गेली, मालक आधीच वारलेला. मी एकटी समोरच्या माडीवर भाड्याने राहिले. दिवाळीनंतर गल्लीतल्या पोरांनी ठरवलं, या मोकळ्या जागेवरचा गाळ आणि उकिरडा बघत बसायचं नाही. इथे नाचायचं, नाटकं करायची, भिंतीवर चित्रं काढायची. चांगली गोष्ट. मी म्हटलं, उद्घाटनाची रांगोळी माझी. तीस वर्षं गल्लीतली प्रत्येक रांगोळी माझीच.

आणि मग रखमा आली.

मुलगा एमआयडीसीत लागला म्हणून पोलादपूरच्या डोंगरावरून उतरलेली. नळाला पाणी किती वाजता येतं तेही हिला ठाऊक नाही, आणि म्हणते कशी, "शिमिट कशाला रे? खळं करू." घरापुढे करतात तसं खळं, मातीचं, चोपून सारवलेलं. पोरांना भारी हौस. तिने माती पसरली, पाणी मारलं आणि लाकडी चोपणं घेऊन उकिडवी बसली. आठ दिवस नुसतं धपाधप. गल्लीतल्या बायका माझ्या दारावरून शेणाच्या पाट्या घेऊन तिच्याकडे जायच्या. "रखमाताईंचा हात बघा!" पोरांचा पुढारी दीपेश मला म्हणाला, "काकू, एवढ्या सुंदर सारवणावर आता रांगोळी नकोच, नाही का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती बसली होती तिथे माझी चूल होती हो!

नवव्या दिवशी दुपारी रखमा माझ्या पायरीशी आली, कोपरापर्यंत मातीत.

"तुळसा, मधोमध भुई येगळी वाजते गो. पोकळ. काय व्हतं तिथं?"

तिथे चाळीच्या मागच्या अंगणात आमची विहीर होती. नळ आल्यावर मालकाने वर फळ्या टाकल्या, त्या फळ्यांवर आम्ही वीस वर्षं भांडी घासली, आणि पुराने त्यावर हातभर गाळ बसवला. गल्लीत हे आता फक्त मला ठाऊक होतं. सांगितलं असतं, तर रखमाताईंनी नुसत्या आवाजावरून ओळखलं म्हणून आणखी आठ दिवस तिचीच आरती.

"काय नाय," मी म्हटलं. "न्हाणी व्हती माजी. फरशी आसंल खाली."

"मंग ठीक हाय. तुजंच घर ते, तुला ठावं." आणि ती गेली.

मला काय हवं होतं ते लपवत नाही. भुई जरा खचावी, भेग पडावी, पोरांनी नाक मुरडावं. एवढंच. कुणी आत पडेल हा विचार आला की मी दुसरं काम काढत होते.

रविवारी संध्याकाळी उद्घाटन झालं. हार रखमाच्या गळ्यात, नारळही तिच्याच हातून. मी मागे उभी. बाल्या नाचाची आठ पोरं घुंगरं बांधून गोलात उतरली. ढोलकी सुरू झाली, पाय आपटायला लागले. सगळी गल्ली शिट्ट्या मारत होती आणि मी त्या गोलाच्या मधोमध बघत होते. तिसऱ्या फेरीला सारवणावर बारीक भेग उठली. बघता बघता ती वळत गेली आणि विहिरीच्या तोंडाएवढी गोल झाली.

"बाजूला व्हा! खाली इहीर हाय! इहीर!"

मी कधी धावले ते मला कळलं नाही. दोघांना दंडाला धरून ओढलं, बाकीचे पळाले. फळ्या कडाडल्या आणि खळ्याचा मधला भाग खाली गेला. पाण्याचा आवाज यायला वेळ लागला.

दीपेश माझ्या पाया पडला. "तुळसाकाकूंनी आठ पोरं वाचवली!" माइकवर माझं नाव. रखमाच्या गळ्यातला हार काढून कुणीतरी माझ्या गळ्यात घातला. एक बाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "डोंगरावरच्या बाईला काय कळणार? कुणाला न विचारता चोपत बसली."

रखमा माझ्याकडे बघत होती. आता सांगेल, विचारलं होतं म्हणेल.

"पोरं वाचली," ती म्हणाली. "लय झालं." आणि गर्दीतून वाट काढत घरी गेली.

लोक माझा जयजयकार करत होते, आणि आठ दिवसांत वाटला नव्हता एवढा तिचा हेवा मला त्या घडीला वाटला.