डाव्या गालाची दाढी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या सलूनमध्ये येणारं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे माझा साडू माझ्याशी बोलेनासा झाला, तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडेच बघितलं. "तुम्हीच काहीतरी लागेल असं बोलला असाल," बायको म्हणाली. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा तो. ती भावजींची बाजू घेणार नाही तर कोणाची घेणार?

साडूला सगळे रेडिओ म्हणतात. दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत चालू. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याला कापड बांधलं की बातम्या सुरू. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचा कुत्रा हरवला, नव्या पुलाचा खांब कसा वाकडा आहे. अर्धी माणसं त्याच्या बोलण्यासाठी यायची आणि जाता जाता केस कापून घ्यायची. माझ्या खुर्चीत बसायची ती घाईतली माणसं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बरं, थोडं वाटायचं.

दुकान टाकलं तेव्हापासून आमचा एक रिवाज आहे. आठवडाभर ज्यानं त्यानं आपली दाढी आपण करायची, पण शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की एकमेकांची. आधी तो बसणार, मग मी. आणि नियम असा की वस्तऱ्याखाली बसलेल्यानं तोंड उघडायचं नाही. "गप बस, कापेल," हे मी त्याला दर शनिवारी सांगत आलोय. आठवड्यातली तेवढीच काय ती शांतता मिळायची मला.

अशाच एका शनिवारी मी त्याच्या डाव्या नाकपुडीशेजारी वस्तरा टेकवला आणि तो ताडकन उडाला. माझं मनगट घट्ट धरलं त्यानं.

"काय रे, कापलं?" मी घाबरलो.

"छे. शिंक आली होती."

मी दिव्याखाली धरून गाल नीट बघितला. रक्ताचा टिपूस नाही. विषय संपला, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी साहेब लवकर घरी गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी पोटात दुखत होतं. आणि मग डाव्या गालावर दाढी वाढायला लागली. उजवा गाल आरशासारखा गुळगुळीत, डावीकडे झुडूप! न्हाव्याच्या तोंडावर! गिऱ्हाइकं विचारायची, "काय, पैज हरलात?" तो उजव्या बाजूनं जेमतेम हसायचा आणि कात्री चालवत राहायचा. रेडिओ बंद पडला. दुकानात फक्त कात्रीचा आवाज. मला इतकी वर्षं हवी होती ती शांतता मिळाली आणि मला ती अजिबात सहन होईना.

मी काय समजायचं? मी समजलो की ह्याला माझ्या हाताचा भरवसा उरला नाही. मला चष्मा लागलाय, वयही झालंय. घरी गेलो की हात पुढे धरून बघायचो, थरथरतोय का म्हणून. थरथरत नव्हता, पण एवढं निरखून बघितल्यावर कोणाचा थरथरणार नाही?

मग बायकोनं बातमी आणली. "ताई सांगत होती, भावजी खुर्ची सोडायचं म्हणतायत. त्यांच्या जागी दुसरा कोणीतरी बघा म्हणाले."

"जाऊ दे की!" मी ओरडलो. "माझं काय अडलंय?"

आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत उभा राहिलो. दुकान चाललं असतं हो. दुसरा कारागीर मिळाला असता. पण साडू गेला तर मी भांडणार कोणाशी? सख्खा भाऊ नाही मला. आहे तो हाच.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तो डोकं तापवूनच. उकडत होतं. पंखा हल्ली नेहमी माझ्याकडे वळवलेला असायचा, साडूच वळवायचा तसा. मला वाटलं, आता माझ्याकडचा वाराही ह्याला नको झाला. मी पंखा फिरवला आणि सरळ त्याच्या तोंडावर सोडला. "घे! हवा खा!"

तो ओरडला. मी त्याला तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. कंगवा खाली पडला, दोन्ही हात गालापाशी नेले, पण गालाला लावले नाहीत, लांबच धरले, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी धावत जाऊन पंखा बंद केला. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली आणि शब्द मोजत म्हणाला, "गेली. कळ गेली."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. ताईंना फोन लावला. त्या आल्या त्या हातात कापडी पिशवी घेऊन, आणि बाकावर ती उपडी केली. गोळ्यांचा ढीग! डोकेदुखीच्या, सांधेदुखीच्या, ताकदीच्या, आणि शेजारच्या आजोबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या कसल्यातरी कडक गोळ्या.

"दोन दाढाही काढून झाल्या," ताई म्हणाल्या. "दुखतं तिथंच, म्हणून. चांगल्या दाढा हो! वारा लागला, घास चावला, बोललं, तरी वीज चमकल्यासारखी कळ येते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

"मलाच का नाही?"

त्यावर ताईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्यानं जमिनीकडे.

मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरीणबाई वयानं आमच्या मुलीएवढ्या. केस आखूड, पण मागून डावीकडे एक बोट लांब राहिलेले. असं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, पण मी आवरलं. रेडिओनंही बघितलं होतं. इतक्या दुखण्यात त्यानं मला डोळ्यानं खूण केली.

बाईंनी पिशवी बघितली, कापसाच्या बोळ्यानं त्याचा उजवा गाल पुसला, मग डाव्याच्या जवळ नेऊन थांबल्या. घाई कसली नाही. "पहिली कळ कधी आली? तेव्हा काय करत होतात?"

"आठवत नाही," साडू म्हणाला.

"अशी कळ पहिल्यांदा आलेली माणूस विसरत नाही."

त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ह्याला जरा बाहेर पाठवा."

"मी हलणार नाही," मी म्हणालो. "उचलून न्या हवं तर."

त्यानं खुर्ची जरा पुढं ओढली. मग ओठ कमीत कमी हलवत, थांबत थांबत बोलला. "शनिवारी. ह्याच्या वस्तऱ्याखाली. मला वाटलं, नस कापली गेली. ह्याची चूक नव्हती. पण मी सांगितलं असतं, तर ह्यानं पुन्हा वस्तरा हातात धरला नसता. मी ओळखतो ना ह्याला. म्हणून म्हटलं, आपणच बाजूला व्हावं."

मी एवढे दिवस त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो आणि हा शहाणा माझा हात वाचवायला स्वतःच्या दाढा काढून बसला होता! गालाला हात लावायची सोय नव्हती, नाहीतर दिली असती एक ठेवून.

डॉक्टरीणबाई हसल्या. पण चांगल्या हसल्या. "पंख्याच्या वाऱ्यानंही कळ येते ना? मग वाऱ्यानं नस कापली का? अहो, ती नस कवटीच्या आत आहे. बहुतेकांच्या बाबतीत आतलीच एखादी रक्तवाहिनी तिला चिकटून धडधडत असते, त्यानं नसेवरचं अस्तर झिजतं. मग नुसता स्पर्श झाला तरी नस आग लागल्यासारखी बोंब मारते. वस्तऱ्यानं फक्त घंटी वाजवली. घंटी आधीच बिघडलेली होती. दाढांचाही ह्यात काही दोष नव्हता बिचाऱ्यांचा."

"म्हणजे माझा हात..." मी विचारलं.

"तुमच्या हाताला काय झालंय?"

मला तिथंच नाचावंसं वाटलं.

मग त्यांनी पिशवीतलं एकेक बाजूला काढलं. "ह्या साध्या वेदनेच्या गोळ्या, ह्या दुखण्यात फारशा कामाच्या नाहीत. आणि ह्या शेजारच्यांच्या कडक गोळ्या तर आजपासून तोंडात घालायच्या नाहीत. दुसऱ्याचं औषध म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून रस्ता ओलांडण्यासारखं आहे. नसेच्या दुखण्याला नसेचं औषध. मी एकच देणार आहे. मुळात ते फिटवरचं आहे."

"अगंबाई!" ताई उठूनच उभ्या राहिल्या. "ह्यांना फिट कुठं येते?"

"येत नाही. पण मेंदूतली नस भलतीच पेटली की हीच गोळी तिला शांत करते, तशी गालातलीही करते. म्हणून पाकिटातला कागद वाचून घाबरायचं नाही. मात्र आधी रक्त तपासायचं, मेंदूचा फोटो काढायचा. गोळी अगदी थोडी सुरू करायची आणि पायरी पायरीनं वाढवायची. अंगावर पुरळ आलं तर पुढची गोळी न घेता लगेच मला फोन. चक्कर येईल, झापड येईल, मधेमधे रक्तातलं मीठ बघावं लागेल. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. नाहीच लागू पडली तर दुसरं औषध आहे, त्याच्याही पुढे ऑपरेशन आहे. काम काय करता तुम्ही?"

"न्हावी," मी म्हणालो. "दोघंही."

"मग गोळी अंगवळणी पडेपर्यंत वस्तरा आणि कात्री बंद. दुसऱ्याच्या गळ्यापाशी चक्कर आली तर?"

रक्त तपासून झालं, फोटोतही रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसली, आणि गोळी सुरू झाली. सुरुवातीला रेडिओ नुसता झोपायचा. बाकावर बसवलेला, मान छातीवर. मग एकदा गोळी वाढवली आणि बाकावरून उठताना तो भिंतीचा आधार घेत नाचल्यासारखा चालला. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला, चढ्या आवाजातच. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक पायरी खाली उतरू, मग हळूहळू चढू. तुम्ही मात्र आवाजाची पायरी खाली आणा." गोळी कमी झाली, मग सावकाश पुन्हा वाढली. रक्तही ठीक निघालं.

आणि एका सकाळी मी एका मास्तरांचे केस कापत होतो, तर बाकावरून आवाज आला.

"उजवीकडे जास्त राहिलेत."

माझी कात्री थांबली. मास्तरांनी आरशातून मागे बघितलं.

"आणि कानामागे काय ठेवलंय ते? चिमणीला घरटं?"

मास्तर खुर्चीतून उठले, गळ्यातल्या कापडासकट, आणि टाळ्या वाजवायला लागले. रांगेतल्या सगळ्यांनी वाजवल्या. मी ओरडलो, "मला शिकवतोस?" पण ओरडताना आवाज फुटला तो फुटलाच. ताईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, आज सकाळी भाकरी दोन्ही बाजूंनी चावून खाल्ली ह्यांनी, आणि वर भाजीला मीठ कमी म्हणाले!

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं आहे," रेडिओ म्हणाला. "पण रागावू नका, डॉक्टर. तुमचे केस मागून डावीकडे लांब राहिलेत. कोणी कापले? नाव सांगू नका, समजलं मला. या एकदा दुकानात."

बाईंनी मागे हात नेऊन केस चाचपले. "छान," त्या म्हणाल्या. "गोळी लागू पडली." हात सरळ राहतो का, डोळे मिटून उभं राहता येतं का, ते सगळं तपासलं आणि मग त्याला कात्री वापरायची मोकळीक दिली.

त्या शनिवारी मी शटर अर्धं ओढलं. म्हटलं, हा घरी जायला निघाला तर जाऊ द्यायचं, आज आपण तोंड उघडायचं नाही. रेडिओनं आपल्या खुर्चीवरचे केस झटकले, माझ्या खुर्चीपाशी आला आणि बसला. मान मागे टाकली.

"डाव्या बाजूनं सुरू कर," तो म्हणाला.

मी पाणी कोमट केलं. साबणाचा ब्रश आधी माझ्याच गालावर फिरवून बघितला. त्याच्या गालाला टेकवला तेव्हा आम्ही दोघांनीही श्वास धरला होता. काही झालं नाही. झुडूप आधी कात्रीनं उतरवलं, पुन्हा फेस केला, नवं पातं घातलं. कानापासून खाली आलो, हनुवटीपर्यंत आलो. आता उरली नाकपुडीशेजारची जागा. तिथं माझा हात थांबला. आणि खरंच थरथरला.

"काय झालं?" डोळे मिटूनच त्यानं विचारलं. "माझ्या गालावर भरवसा नाही?"

मी वस्तरा टेकवला. फिरवला. गाल स्वच्छ निघाला, आणि साडू जागचा हलला नाही.

"परवाची गंमत सांगायची राहिली," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याचा कुत्रा, हरवलेला, तो सापडला. कुठं सापडला असेल? अरे, पोलीस चौकीत! तिथं त्याचं बस्तान बसलंय म्हणे. परत यायला तयार नाही..."

वस्तऱ्याखाली तोंड उघडायचं नाही, हा आमचा नियम. त्याचा जबडा वरखाली होत होता, फेस माझ्या मनगटावर उडत होता, आणि मला गालाची रेघ धरता येत नव्हती. मी वस्तरा उचलून हातात धरून ठेवला.

"मग?" मी म्हणालो. "पुढं काय झालं?"